बुरुजाखालची जागा

जेवणाच्या सुट्टीत ओर्लानं आपला फोन पाण्याच्या जगला टेकवून टेबलावर उभा केला आणि सगळे वाकले, म्हणून फिंटन शॉर्टॉलही वाकला. तोंडात सँडविचचा घास होता. पडद्यावर आधी हिरवळ दिसली, मग राखाडी दगडांची उंच भिंत, भिंतीत एक चौकोनी बुरूज, आणि त्या बुरुजाकडून काठी उगारून धावत येणारा एक म्हातारा. धावणं कसलं, गुडघे न वाकवता नुसतं पुढं पुढं कोसळणं. गमबूट, खांद्यावरून घसरून लोंबणारा पँटचा पट्टा, तोंडात कवळी नसल्यामुळं आत ओढले गेलेले ओठ. चुलीवरची सॉसेज टाकून मागं पळणारी पोरं खिदळत होती आणि म्हातारा ओरडत होता. कुणीतरी त्या ओरडण्याला ढोलाचा ठेका लावला होता आणि एकच वाक्य कापून पुन्हापुन्हा जोडलं होतं: होतं तिथं ठेव, होतं तिथं ठेव, होतं-होतं-होतं तिथं ठेव. कीथनं हसताहसता डोळे पुसले. फिंटनही हसला. आधी हसू आलं, ओळख मागाहून पटली, असं त्यानं नंतर स्वतःला सांगून पाहिलं; पण ते खरं नव्हतं. भिंत दिसली तेव्हाच त्याला कळलं होतं. त्या भिंतीचा दगड न् दगड त्यानं लहानपणी तळहातानं चाचपलेला होता. आणि तो पट्टाही त्यानंच कुठल्याशा नाताळाला नेऊन दिलेला होता. घास गिळून तो म्हणाला, "याला मेंढरांबरोबर दोरीनं बांधत नाहीत वाटतं." टेबल पुन्हा हसलं. ओर्लानं त्याच्या दंडावर चापट मारली. "फिंटन, इतकी वर्षं शेजारी बसतोस, विनोदी आहेस हे आज कळतंय."

दुपारभर ते वाक्य कचेरीत फिरत राहिलं. कुणी कुणाचा मग उचलला, होतं तिथं ठेव. कुणी खुर्ची सरकवली, होतं तिथं ठेव. कीथला तर म्हाताऱ्याचा आवाज हुबेहूब साधला होता, ओठ आत ओढून, शब्दांच्या कडा बोथट करून, खाली किल्केनीकडचे लोक बोलतात तसा हेल काढून. हा हेल फिंटननं डब्लिनला आल्यावर पहिल्या वर्षीच टाकून दिला होता. आता तो परक्याच्या तोंडून ऐकताना त्याच्या मानेवरची कातडी तापली. तो स्वच्छतागृहात गेला आणि आरशात बघत उभा राहिला. ओठ आत घेऊन पाहिले. लगेच सोडले. कुणाला साम्य दिसलं तर? पण दिसायचं कुणाला. या कचेरीत त्याला वडील नव्हतेच. 'माझे वडील शेती करायचे,' असं तो म्हणायचा. करायचे, मेंढरं पाळायचे, फार बोलायचे नाहीत. लोकांनी त्या 'चे' वरून जे समजायचं ते समजून घेतलं होतं आणि एकदा ओर्ला हळुवारपणे 'सॉरी' म्हणाली होती, तेव्हा त्यानं मान हलवून ते सॉरी स्वीकारलं होतं. त्यात मुद्दाम काही नव्हतं. एक भूतकाळ तोंडातून निघाला आणि तो दुरुस्त करायची वेळ टळून गेली, एवढंच. आता मात्र वाटत होतं की आपण मारून टाकलेला माणूस गमबूट घालून, काठी घेऊन, भिंतीपलीकडून धावत आला.

शनिवारी तो निघाला. बायकोला म्हणाला, म्हाताऱ्याचं जरा बघून येतो. डॅडींना समजावायचं, एवढंच ठरलं होतं. परत असा कुणावर धावून गेलात तर पोलीस येतील, जुन्या वास्तूंचं सरकारी खातं तुम्हाला त्या पडक्या मठात पाऊल टाकू देणार नाही, मेंढरं काढायला लावील. हे सगळं तो गाडीत मनाशी जुळवत होता आणि जुळवताना त्याच्या लक्षात येत होतं की ही वाक्यं डॅडींसाठी नाहीतच. मुख्य रस्ता सोडून गाडी कुंपणांमधल्या अरुंद गल्लीत शिरली. दोन्ही बाजूंच्या काटेरी झुडपांवर पांढरा मोहोर होता आणि काच खाली केल्यावर तो गोडूस, थोडासा कुजका वास आत आला. हा मोहोर घरात आणायचा नाही, अशी आईची सक्त ताकीद. घरात मरण येतं म्हणे. किलमोगचा मठ वळणानंतर एकदम दिसतो. नवख्या माणसाला तो किल्लाच वाटतो: माळावर लांबच लांब तटबंदी, तिला जागोजाग बुरूज, आत भलं मोठं मोकळं अंगण, आणि एका टोकाला छप्पर उडालेलं देऊळ. तिथल्या साधूंना देवापेक्षा शेजारच्या सरदारांची भीती जास्त असावी. त्या अंगणात आता शॉर्टॉलांची मेंढरं चरायची. आजोबांच्या आधीपासून.

गल्लीच्या तोंडाशी जोसी कॉमरफर्ड सायकल धरून उभी होती. सत्तरी उलटली तरी जोसीच्या जिभेला गंज चढला नव्हता. तिनं वाकून गाडीच्या काचेत तोंड घातलं.

"बाप सिनेमात चमकला म्हणून आलास होय रे भेटायला?"

"तुम्हीही पाहिलं?"

"माझ्या नातीनं बोस्टनहून पाठवलं. म्हणजे बघ, मॅटी शॉर्टॉल बोस्टनला जाऊन आला, आणि मी अजून इथलं कॉर्क शहरसुद्धा धड बघितलेलं नाही." मग ती हसायची थांबली. "त्याला ओरडू नकोस, फिंटन."

"ओरडत नाही. पण लोकांवर काठी घेऊन धावायचं म्हणजे काय, जोसी? ती पोरं बिचारी दगडांची चूल करून दोन सॉसेज भाजत होती."

जोसीनं त्याच्याकडं जरा जास्तच वेळ पाहिलं. "तुला पेगनं काही सांगितलं नव्हतं?"

"काय?"

"मग मी सांगायची नाही," ती म्हणाली आणि सायकलवर टांग टाकून निघूनही गेली. आईचं नाव इतक्या दिवसांनी कुणाच्या तोंडून आल्यामुळं तो क्लचवरचा पाय तसाच दाबून बसून राहिला. आई तटाकडेनं चालायची तेव्हा ईशान्येच्या बुरुजापाशी आल्यावर त्याचा हात सोडायची, त्याला वळसा घालून त्याच्या दुसऱ्या बाजूला यायची आणि पुन्हा हात धरायची. तिची बोटं तेवढ्या अंतरापुरती घामेजलेली असायची. त्या कोपऱ्यात चेंडू गेला तर तो मेंढरांनी खाल्ला असं समजायचं. "तिकडं नको," ती म्हणायची, "दगड सुटलेत वरचे." वरचा एकही दगड कधी पडला नाही. स्वयंपाकघराच्या ज्या खिडकीतून बुरूज दिसायचा, तिचा अर्धा पडदा कायम ओढलेला. भांडी घासताना पोटावर ओला हात ठेवून ती त्या पडद्याकडं बघत राहायची. पडद्यावर कोंबड्यांचं चित्र होतं. लहानपणी त्याला वाटे, आईला कोंबड्या फार आवडतात.

डॅडी दाराशीच होते. दाढी केलेली, कवळी बसवलेली, पट्टे दोन्ही खांद्यांवर नीट. म्हाताऱ्यानं आपल्याला पाहुण्यासारखं घेतलं होतं. टेबलावर ब्राऊन ब्रेड, हॅम, चहाची किटली.

"कशाला आलास?"

"सहज."

"सहज तू ईस्टरला येतोस." त्यांनी चहा ओतला. "खात्याचा माणूस येऊन गेला. सभ्य होता. म्हणाला, मिस्टर शॉर्टॉल, मेंढरं राहू देत, पण तुम्ही आत जात जाऊ नका. मी म्हटलं, मेंढरं आत आणि मी बाहेर, म्हणजे यापुढं ती मला राखणार का?"

फिंटनला हसू आलं आणि ते आल्याबरोबर कचेरीतलं हसू आठवून त्याचा घास कोरडा झाला. डॅडी कपातल्या चहाकडं बघत होते.

"तुमच्या ऑफिसात पाहिलं का कुणी ते?"

"नाही," फिंटन म्हणाला. "तिकडं कुणाला वेळ आहे."

"बरं झालं. तुला मान खाली घालावी लागली असती."

काहीतरी बोलायला हवं होतं. त्या क्षणी, ब्रेडवर लोणी लावता लावता, अगदी साध्या आवाजात सांगता आलं असतं. तो लोणी लावत राहिला. पार कडेपर्यंत, कोपऱ्यांपर्यंत. मग गाडीत जुळवलेली वाक्यं त्यानं एकेक करून टेबलावर ठेवली: पोलीस, खातं, मेंढरं, तुमचं वय. डॅडींनी सगळं ऐकून घेतलं. शेवटी म्हणाले, "दगड उचलले त्यांनी."

"दगडच ना, डॅडी. तिथं दगडांना काय तोटा."

म्हातारा उठला. कप मोरीत ठेवला, टोपी घातली आणि बाहेर पडला. आणि फिंटनही उठून मागोमाग गेला, कारण त्या पाठीमागून जाण्याची पायांना जुनी सवय होती.

अंगणात वारा नव्हता. तटाच्या आत नेहमीच वारा पडायचा आणि लोकरीचा तेलकट, उबदार वास साचून राहायचा. मेंढ्या थोड्या सरकल्या, कोकरं आयांच्या पोटाखाली शिरली. डॅडी सरळ ईशान्येच्या बुरुजाकडं चालले होते. फिंटनची पावलं तिथं मंदावली, आपोआप. हात सोडून दुसऱ्या बाजूला जावं असं काहीतरी अंगात झालं. बुरुजाच्या पायथ्याशी काळं पडलेलं गवत, वितळलेल्या प्लॅस्टिकचा डाग, आणि वर्तुळात मांडलेले, धुरानं काळवंडलेले दगड. पावाएवढे, कुणाच्याही कुंपणात खपतील असे दगड. पण चुलीपलीकडं पाहिल्यावर दिसलं की तसलेच दगड गवतात आणखी आहेत, अर्धे मातीत गेलेले, शेवाळलेले, एकमेकांपासून थोड्या थोड्या अंतरावर. काही ठिकाणी नुसते ओले खड्डे होते. दगड उपटून काढल्याचे.

"ते टोबिनांचं," डॅडी काठीनं दाखवत म्हणाले. "ती दोन जोसीच्या आईची. हे चुलीतले कुणाचे, कुठले, आता मला लावता येत नाहीत. प्रयत्न केला मी."

"टोबिनांचं काय?"

"पोर."

जवळच एक मेंढी गवत तोडत होती. तो करकर आवाज फार मोठा वाटला. बाप्तिस्मा व्हायच्या आत गेलेलं मूल देवळाच्या दफनभूमीत चालायचं नाही, हे फिंटननं ऐकलेलं होतं, जुन्या काळातल्या कुठल्याही क्रूर गोष्टी ऐकून असतात तसं. असं पोर बाप घेऊन जायचा आणि कुठंतरी पुरायचा: बांधावर, समुद्राकाठी, पडक्या मठात. पण तो जुना काळ आजोबांच्या पलीकडं कुठंतरी असेल अशी त्याची समजूत होती. आणि तरीही त्याच्या तोंडून निघालं, "आणि आपलं?" हा शब्द कुठून आला, त्याला कळलं नाही. पोटावर ओला हात ठेवून पडद्याकडं बघणारी आई त्या शब्दाच्या मागं उभी होती.

"आपला दगड नाही," डॅडी म्हणाले.

मग ते बोलले, तटाच्या भिंतीकडं तोंड करून, मेंढरांच्या रोगाबद्दल बोलावं तशा सुरात. तुझ्या आधीची मुलगी. जन्मली तीच गेलेली. दाई म्हणाली, पेगला दाखवू नका, विसरणं सोपं जातं. फादरांकडं गेलो तर ते दारातच म्हणाले, मॅटी, नियम माझा नाही. पहाटे दूध काढायच्या आधी तिला लोण्याच्या खोक्यातून इथं आणली. मठाची जमीन कोणे एके काळी तरी पवित्र होती, निदान तेवढं. धुकं होतं. खणलं, ठेवलं, माती लोटली. आणि दगड शोधायला वाकलो तर गल्लीत टोबिनांच्या दुधाच्या गाडीचा आवाज आला. "कुणी बघेल अशी लाज वाटली," डॅडी म्हणाले. "काय वाटली लाज, आज सांगता यायचं नाही. चोरी केल्यासारखी. भिंतीच्या आडोशाला उभा राहिलो. गाडी गेली तशी घरी पळालो. म्हटलं, उद्या येऊन दगड ठेवू. दुसऱ्या दिवशी आलो तर पाऊस होऊन गेलेला आणि मेंढरांनी सगळं तुडवलेलं. सगळी जमीन सारखी." त्यांनी काठीचं टोक गवतात रोवलं, काढलं, पुन्हा रोवलं. "मग राखायचा तर अख्खा कोपराच राखायला हवा. कुठं पाय पडला तर तिच्यावर पडेल, कसं कळणार?"

फिंटनला त्यांच्याकडं बघवेना. त्याच्या डोक्यात ढोलाचा ठेका वाजायला लागला होता, थांबत नव्हता. ठेक्यावर आत ओढलेले ओठ, आणि टेबलाभोवती वाकलेली, चघळणारी तोंडं, त्यांत त्याचं. त्याला स्वतःचा दात न् दात जाणवला. आता सांगावं. मी हसलो, म्हणावं. नुसता हसलो नाही, मीच विनोद केला, तुम्हाला दोरीनं बांधलं. तिथं त्यांना वाटतं तुम्ही मेलात. पण या म्हाताऱ्यासमोर आता हे ओतणं म्हणजे त्याचं दुःख बाजूला सारून आपलं पुढं ठेवणं झालं असतं, असं त्याच्या मनात आलं. आणि लगेच हेही आलं की ही पळवाट किती सुबक आहे, अगदी आपल्यासारखी.

"मॉमला माहीत होतं? जागा?"

"तिनं कधी विचारलं नाही. विचारील म्हणून मी वर्षानुवर्षं तिच्यासमोर गप्प राहायला शिकलो. मग शेवटी हॉस्पिटलात विचारलंन्. नळ्या लावलेल्या. म्हणाली, मॅटी, नक्की कुठं? मी म्हटलं, काटेझाडाच्या बुडाशी, दगड ठेवलाय, पांढरा. म्हणाली, बरं." डॅडींनी नाक पुसलं. "या कोपऱ्यात कधी काटेझाड नव्हतं. तिला ते ठाऊक असणार. खिडकीतून दिसतं की."

एक कोकरू येऊन चुलीतल्या राखेला हुंगून गेलं. डॅडी एकदम, थोडंसं लाजून, परक्या मोठ्या माणसाला विचारावं तसं म्हणाले, "पोरा, तुझं काम तेच ना? जमीन बघून सांगायचं, कुठं काय खचलंय ते?"

फिंटन विमा कंपनीसाठी घरं तपासायचा. भिंतीला तडा गेला, जमीन बसली, की जाऊन बघायचं आणि भरपाई देण्याजोगं आहे की नाही ते लिहायचं. "हो," तो म्हणाला.

"मग कळतं का रे बघून? कधी काळी उकरलेली जमीन?"

इतक्या वर्षांनी, या चिकणमातीत, मेंढरांच्या खुरांखाली, काही कळत नाही. काहीही उरलेलं नसतं. हे त्याला पुरतं ठाऊक होतं, आणि हे एक वाक्य तो डब्लिनमध्ये रोज कुणाला ना कुणाला ठामपणे सांगत असे. त्यानं डॅडींकडं पाहिलं. कवळी घट्ट आवळून, काठीवर दोन्ही हात ठेवून म्हातारा वाट बघत होता.

"बघतो," फिंटन म्हणाला.

त्यानं कोट काढून तटाच्या पुढं आलेल्या एका दगडावर टाकला. बुरुजापासून चार पावलं मागं गेला, डोळे बारीक करून उताराच्या दिशेनं पाहिलं, मग उकिडवा बसून तळहात गवतावर ठेवला. घरमालक मागं उभे असले की तो असंच करायचा. यातलं निम्मं बघणाऱ्यांसाठी असतं. गवत थंड होतं, मुळांशी ओलं. त्यानं हात थोडा सरकवला. पुन्हा सरकवला. एक जागा त्याला बरी वाटली, कारण तिथं दुपारचं ऊन तटावरून खाली येऊन पडलं होतं, आणि दुसरं काहीच कारण नव्हतं.

"इथं," तो म्हणाला.

"नक्की?"

"जमीन किंचित बसलेली आहे. बघा, गवताचा रंग वेगळा आहे." हा आवाज त्याच्या ओळखीचा होता. दावे फेटाळताना तो हाच लावत असे. "नक्की."

डॅडी पुढं आले. त्यांनी त्या जागेकडं पाहिलं, मग त्याच्या तोंडाकडं, बराच वेळ. आणि फिंटननं नजर हलू दिली नाही. डॅडींनी टोपी काढली. टोपीखालचं कपाळ पांढरं, उन्हानं कधीच न रापलेलं, लहान मुलाच्या कपाळासारखं होतं. काठी आडवी टाकून, एक हात जमिनीवर टेकत ते गुडघ्यांवर उतरले. त्यांचे ओठ हलत होते. प्रार्थना म्हणत होते की नुसतेच हलत होते, कळत नव्हतं. फिंटन उभा राहिला. काय करावं हे न सुचून त्यानंही हात पुढं बांधले आणि तटाच्या दगडांतल्या फटीकडं बघत राहिला. एका फटीतून पिवळं रोपटं आलं होतं, ते बघत राहिला.

थोड्या वेळानं डॅडींना उठता येईना. त्यानं काखेत हात घालून त्यांना उचललं. ते इतके हलके असतील असं त्याला वाटलं नव्हतं. उभं राहिल्यावरही त्यांनी त्याचा दंड सोडला नाही. आजवर ते त्याच्यावर खेकसले होते, त्याला हुकूम केले होते, बहुतेक वेळा गप्प राहिले होते, आता मात्र ते अदबीनं, गावात आलेल्या डॉक्टरला म्हणावं तसं म्हणाले, "तुझे फार उपकार झाले, फिंटन."

आणि फिंटननं मान हलवून ते घेतले.